आधी काढणे, मग भरणे : खराब काँक्रीट किती, कुठवर आणि कसे फोडावे

छताचा पोपडा खाली पडतो, आतली गंजलेली सळई दिसू लागते, सोसायटी दुरुस्तीचे काम हाती घेते आणि मग कामगार पडलेल्या वीतभर जागेभोवतीचे चांगले दिसणारे काँक्रीटही हातभर रुंदीने फोडू लागतात. हे पाहणाऱ्या रहिवाशाच्या मनात साहजिकच प्रश्न येतो : जेवढे पडले तेवढेच भरून का घेत नाहीत? धडधाकट दिसणारा भाग फोडल्याने इमारत अधिकच कमकुवत होणार नाही का?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर समजून घेणे प्रत्येक घरमालकाच्या हिताचे आहे. दंतवैद्य किडलेला भाग पूर्ण कोरून काढल्याशिवाय दात भरत नाही, कारण कीड आत राहिली तर वर भरलेले सिमेंट कितीही उत्तम असले तरी दात आतून पोखरत जातो. काँक्रीटचेही तसेच आहे. दुरुस्ती किती वर्षे टिकेल हे नव्याने भरलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जुने काय काढले, कुठवर काढले आणि काढताना उरलेल्या भागाला किती जपले यावर अधिक अवलंबून असते. या प्रकरणात या तीन गोष्टींचाच क्रमाने विचार केला आहे.

१. पोपडा मुळात का पडतो?

काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांपासून घडवलेला कृत्रिम दगड होय. दगडाप्रमाणेच तो दाब उत्तम सोसतो, पण ओढ लागली की सहज तडकतो; म्हणून जिथे ओढ येते तिथे त्यात पोलादी सळया घातलेल्या असतात. उघड्यावर पडलेली सळई एका पावसाळ्यात तांबूस होते, मात्र चांगल्या काँक्रीटमध्ये ती अनेक दशके गंजत नाही. याचे कारण काँक्रीटच्या अल्कधर्मी स्वभावात आहे. एखादा पदार्थ आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा पीएच हा आकडा शुद्ध पाण्यासाठी ७ असतो, तर ताज्या काँक्रीटमध्ये तो साधारण १२.५ ते १३ असतो. इतक्या अल्कधर्मी परिस्थितीत पोलादावर डोळ्यांना न दिसणारा, अत्यंत पातळ असा एक संरक्षक थर आपोआप तयार होतो आणि तो टिकून आहे तोवर गंजाला सुरुवात होत नाही.

हा थर दोन वाटांनी नष्ट होतो. पहिली वाट हवेतील कार्बन डायऑक्साइडची. हा वायू काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतो आणि तेथील चुन्याशी संयोग पावून त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनवतो. भिंतीला दिलेला चुन्याचा हात ज्या क्रियेने हळूहळू घट्ट होतो तीच ही क्रिया, आणि तिला कार्बोनेशन म्हणतात. चुन्याच्या लेपाला ती उपकारक ठरते, पण काँक्रीटमध्ये तिच्यामुळे पीएच ९ च्या आसपास किंवा त्याखाली घसरतो आणि सळईचे कवच विरघळते. हे आक्रमण पृष्ठभागाकडून आत सरकते, मात्र दरवर्षी सारख्या वेगाने नव्हे. त्याची खोली साधारणपणे वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा १६ वर्षांच्या इमारतीत ही खोली २० मिलिमीटर आढळली. १६ चे वर्गमूळ ४, म्हणजे वर्गमुळातील प्रत्येक एककामागे ५ मिलिमीटर. त्यावरून ३६ व्या वर्षी ती ६ गुणिले ५, म्हणजे सुमारे ३० मिलिमीटर असेल असा अंदाज बांधता येतो. ज्या स्लॅबमध्ये सळईवरचे काँक्रीटचे आच्छादन, म्हणजे बोलीभाषेतले ‘कव्हर’, २० मिलिमीटरच आहे तिथे सळईचे कवच सोळाव्या वर्षीच गेलेले असते; ओल मिळाली की गंज चढू लागतो.

दुसरी वाट मिठाची, म्हणजे क्लोराइडची. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील खारा वारा किंवा बांधकामात वापरलेली खारी वाळू व खारे पाणी यांतून ते काँक्रीटमध्ये येते, आणि पीएच पुरेसा असला तरी संरक्षक थराला जागोजागी भोके पाडते. त्याचे अगदी थोडे प्रमाणही पुरते. ‘आयएस ४५६’ हे काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक सळयांच्या काँक्रीटमध्ये एका घनमीटरला ०.६ किलोपेक्षा अधिक क्लोराइड चालवून घेत नाही. एका घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २४०० किलो असते, म्हणजे ही मर्यादा दर टनामागे पाव किलोची आहे.

कवच गेले, ओल आणि प्राणवायू मिळाला की सळई गंजते, आणि गंज मूळ पोलादापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो. खाणीत दगडाच्या फटीत लाकडी पाचर ठोकून ती पाण्याने भिजवली की ती फुगून दगड उकलते, ही जुनी पद्धत अनेकांना ऐकून माहीत असते. गंज काँक्रीटमध्ये हेच काम करतो. आधी सळईच्या रेषेत भेग येते, मग कव्हर आतून सुटते आणि शेवटी पोपडा खाली पडतो. पडलेला पोपडा हा अशा रीतीने आजाराचा शेवटचा टप्पा असतो, आणि तो दिसण्यापूर्वीच आजूबाजूला आजार पसरलेला असतो.

२. आजार कुठवर पसरला आहे?

पहिली तपासणी कानाने होते. कुंभाराकडून मडके घेताना टिचकी मारून ते वाजवून पाहतात. पक्के मडके खणखणीत वाजते आणि तडा गेलेल्या मडक्याचा आवाज बद्द येतो. हलक्या हातोडीने स्लॅब, तुळई आणि खांब याच न्यायाने वाजवतात. आतून सुटलेल्या थराखाली पोकळी असल्यामुळे तिथे बद्द आवाज येतो, आणि असा सगळा भाग खडूने किंवा रंगाने आखून घेतात. मात्र सुटलेला केवळ गिलावा असला तरी आवाज बद्दच येतो, म्हणून आधी संशयित भागावरचा गिलावा काढून मग उघडे काँक्रीट पुन्हा वाजवणे आवश्यक असते. गिलाव्यावरून केलेली मोजणी काही ठिकाणी आजार वाढवून दाखवते आणि काही ठिकाणी तो लपवते.

दुसरी तपासणी रंगाची आहे. नुकत्याच फोडलेल्या, धूळ झाडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन या रसायनाचे द्रावण फवारले की ज्या भागात अल्कधर्म शाबूत आहे तो गडद गुलाबी होतो आणि कार्बोनेशन झालेला भाग आपल्या मूळ रंगातच राहतो. गुलाबी रेषा कुठे सुरू होते हे पट्टीने मोजले की आक्रमण किती खोल गेले ते कळते. रेषा सळईच्या पलीकडे गेलेली असेल तर तिथे आज गंज दिसत नसला तरी सळईचे संरक्षण संपलेले आहे असे समजावे.

मिठाचा शोध मात्र या रंगाने लागत नाही, कारण क्लोराइड असतानाही काँक्रीट गुलाबी होऊ शकते. त्यासाठी वेगवेगळ्या खोलींवर ड्रिलने भुकटी काढून ती प्रयोगशाळेत तपासतात. याशिवाय सळईचा विद्युतदाब मोजणारी ‘हाफ-सेल’ चाचणी असते. गंजणारी सळई अधिक ऋण दाब दाखवते, आणि ठरावीक तांब्याच्या मापकाच्या तुलनेत हा आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली असेल तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक मानली जाते. या सर्व तपासण्यांतून जो नकाशा तयार होतो त्यात डोळ्यांना दिसणारा पोपडा हा अनेकदा एका मोठ्या डागाचा मध्यबिंदू ठरतो.

३. सळईच्या मागे का जावे लागते?

दुरुस्तीच्या कामात सर्वाधिक काटकसर जिथे केली जाते ती जागा म्हणजे सळईची मागची बाजू होय. पोपडा पडल्यावर सळईचा खालचा अर्धा भाग उघडा दिसतो, तो तारेच्या ब्रशने घासतात, त्यावर गंजरोधक रंग लावतात आणि वरून मॉर्टर थापतात. मागचा अर्धा भाग जुन्याच, कवच गमावलेल्या काँक्रीटमध्ये रुतलेला राहतो. तिथला गंज निघत नाही, रंगही पोहोचत नाही, आणि सळईची एक बाजू नव्या मालात व दुसरी जुन्या मालात अशी स्थिती निर्माण होते.

यातला धोका समजण्यासाठी टॉर्चच्या साध्या सेलचे उदाहरण घ्यावे. त्यात दोन वेगळ्या वस्तू एका ओलसर मिश्रणाने जोडलेल्या असतात. वीज वाहते तसतसे जस्ताचे आवरण झिजत जाते आणि दुसरी वस्तू शाबूत राहते. काँक्रीटमधील एकाच सळईचे दोन भाग दोन वेगळ्या परिस्थितींत असले की त्यांच्यातही असाच एक छोटा सेल तयार होतो : एक भाग झिजतो आणि त्याच्या झिजण्यामुळे दुसऱ्याला संरक्षण मिळते. दुरुस्तीपूर्वी सर्वात वाईट जागा स्वतः झिजून शेजारच्या सळईला वाचवत असते. ती जागा नव्या अल्कधर्मी मॉर्टरने भरली की तिथले झिजणे थांबते, पण शेजाऱ्याला मिळणारे संरक्षणही थांबते. आणि शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये मीठ भरपूर असेल तर आता तोच भाग झिजू लागतो. दुरुस्तीच्या ठिगळाभोवती काही वर्षांतच नव्या भेगांचे कडे उमटते ते यामुळे. अशा वेळी ठिगळ शाबूत असते आणि त्याभोवतीचा स्लॅब पडतो.

म्हणून नियम असा की सळई गंजलेली असेल, तिची काँक्रीटवरची पकड सुटली असेल किंवा तिचा अर्ध्याहून अधिक घेर उघडा पडला असेल, तर तिच्या मागचे काँक्रीटही काढून सर्व बाजूंनी मोकळी जागा करावी. ही जागा किमान २० मिलिमीटर, किंवा भरायच्या मालातील सर्वात मोठ्या खडीपेक्षा सुमारे ६ मिलिमीटर अधिक, यांपैकी जी मोठी ती असावी. सळईच्या मागून बोट सहज फिरले पाहिजे, ही त्याची साधी खूण. त्यामुळे सळई चहूबाजूंनी साफ करता येते, नवा माल तिला पूर्ण वेढतो आणि सळई स्वतःच त्या मालाला जुन्या काँक्रीटशी खिळ्यासारखी अडकवून ठेवते. लांबीच्या दिशेनेही हाच विचार लागू होतो : गंज संपून स्वच्छ सळई लागेपर्यंत, आणि तिच्याही थोडे पुढे जावे. क्लोराइड खोलवर पसरलेले असेल तर एवढेही पुरत नाही. तिथे ठिगळाच्या कडेला, स्वतः झिजून सळईला वाचवणारे जस्ताचे तुकडे सळईला बांधण्यासारखे विद्युत-रासायनिक उपाय योजावे लागतात.

४. टेकू आधी, हातोडा नंतर

फोडल्याने इमारत कमकुवत होणार नाही का, ही रहिवाशाची शंका पूर्णपणे खरी आहे. काम चालू असताना ती काही काळ खरोखरच कमकुवत होते. एका खांबाचे गणित त्यासाठी पुरेसे आहे. जुन्या इमारतीतील २३० मिलिमीटर रुंद आणि ४५० मिलिमीटर लांब खांबाचा छेद १०३५ चौरस सेंटिमीटर असतो. चारही बाजूंनी ५० मिलिमीटर काँक्रीट काढले तर आत १३० बाय ३५० मिलिमीटर, म्हणजे ४५५ चौरस सेंटिमीटर एवढाच गाभा उरतो. केवळ पाच सेंटिमीटर ‘वरवरचे’ काढल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक खांब गेलेला असतो. त्यावर ६० टन भार असेल आणि सळयांचा वाटा बाजूला ठेवला, तर आधी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ५८ किलो असलेला दाब एकदम १३२ किलो होतो. अनेक जुन्या इमारतींत वापरलेले ‘एम १५’ प्रतीचे काँक्रीट नवे आणि निर्दोष असतानाही चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो दाबावर फुटते, हे लक्षात घेतले म्हणजे धोका किती जवळ येतो ते कळते. शिवाय कव्हर आणि गंजलेल्या रिंगा गेल्यावर उभ्या सळयांना बाजूचा आधार राहत नाही आणि त्या बाहेर वाकू शकतात.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही एकदम पाळावे लागतात. एक, फोडण्यापूर्वी त्या भागावरचा भार टेकूंवर घेणे. हे टेकू खालच्या मजल्याच्या स्लॅबवर उभे करून थांबता येत नाही, तर ज्या मजल्यांना भार पेलायचा आहे त्यांच्याखालीही एकाखाली एक असे ते पक्क्या आधारापर्यंत न्यावे लागतात. दोन, खांबाची एका वेळी एकच बाजू आणि मर्यादित उंची उघडणे. वरच्याच उदाहरणात एक लांब बाजू ५० मिलिमीटर काढली तर ७८ टक्के छेद शिल्लक राहतो. तीन, शेजारशेजारचे खांब एकाच वेळी न उघडणे.

टेकूंचा आणखी एक, सहसा ध्यानात न येणारा उपयोग आहे. पाण्याने भरलेले घंगाळ एकाने उचलून धरले आहे आणि दुसऱ्याने खालून नुसते हात लावले, तर दुसऱ्याच्या हातांवर काहीच भार येत नाही. पहिल्याने घंगाळ किंचित खाली सोडले तरच तो वाटला जातो. भार तसाच ठेवून भरलेले नवे काँक्रीट या दुसऱ्या माणसासारखे असते. इमारतीचा आधीचा भार जुना गाभाच वाहत राहतो. जॅकच्या साहाय्याने भार आधी टेकूंवर घेतला, मग नवे काँक्रीट भरले आणि ते पुरेसे घट्ट झाल्यावर टेकू हळूहळू सैल केले, तर नवा भागही आपला वाटा उचलतो.

ज्या पुलांमध्ये किंवा तुळयांमध्ये पोलादी तारा ताणून बसवलेल्या असतात, म्हणजे जे बांधकाम प्रीस्ट्रेस्ड असते, तिथे साध्या काँक्रीटचे नियम लावून फोडायला घेणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण त्या तारांतील प्रचंड ताणाचे संतुलन आजूबाजूच्या काँक्रीटच्या दाबाने राखलेले असते. पणजीजवळचा मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, त्याच्या मुळाशी अशाच तारांचे गंजणे होते. या प्रकारच्या बांधकामात बाहेरचे काँक्रीट चांगले दिसत असतानाही आतली तार क्षीण झालेली असू शकते, म्हणून रचनाकाराच्या लेखी सूचनेशिवाय त्याला छिन्नीही लावू नये.

५. कडा सरळ का कापतात?

हातोड्याने फोडलेल्या खड्ड्याची कडा उतरती आणि पातळ होत जाणारी असते. भाकरी थापताना कडेला पातळ झालेला भाग तव्यावर आधी करपून तडकतो. मॉर्टरचा कडेचा पापुद्राही तसाच लवकर सुकतो, आकसतो आणि उचलला जातो. एकदा कड उचलली की तिच्यातून पाणी शिरते आणि सळईपर्यंत पोहोचते. म्हणून खराब भागाच्या थोडे बाहेर, निरोगी काँक्रीटमध्ये, डायमंड ब्लेडच्या यंत्राने १० ते १२ मिलिमीटर खोल सरळ चीर घेतात आणि आतला भाग त्या चिरेपर्यंत फोडतात; त्यामुळे कडेलाही भरावाला निश्चित जाडी मिळते. चीर घेण्यापूर्वी कव्हर किती आहे हे सळई शोधणाऱ्या यंत्राने पाहून घ्यावे लागते, कारण कव्हर कमी असलेल्या जागी ठरावीक खोलीची चीरही सळई कापू शकते.

खड्ड्याचा आकार शक्यतो चौकोनी ठेवतात. आत वळलेले कोपरे, अरुंद गल्ल्या आणि वेड्यावाकड्या कडा टाळतात, कारण नवा माल आकसताना भेग नेमकी अशा कोपऱ्यातून सुरू होते. जवळजवळचे लहान खड्डे स्वतंत्र ठेवण्यापेक्षा एकत्र जोडून घेणे पुष्कळदा अधिक हिताचे असते. चिरेची गुळगुळीत झालेली बाजू मात्र नंतर खरखरीत करावी लागते.

६. कोणते हत्यार वापरावे?

काढण्याचे काम जितके जोरात तितके झटपट, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु जड ब्रेकरचा प्रत्येक ठोका निघणाऱ्या तुकड्यावर पडतो तसाच मागे उरणाऱ्या काँक्रीटवरही पडतो. त्या ठोक्यांनी उरलेल्या पृष्ठभागात केसाहून बारीक भेगांचे जाळे तयार होते, खडी आपल्या जागी सैल होते, आणि नवा माल या मुका मार लागलेल्या थराला चिकटतो. पुढे कधी जोड सुटला तर तो नव्या मालातून सुटत नाही, या थरातून सुटतो, आणि दोष मात्र मॉर्टरला दिला जातो. ब्रेकरचे टोक सळईवर बसले तर आणखी दूर हानी होते, कारण सळई तो धक्का चांगल्या काँक्रीटच्या आतपर्यंत नेते आणि तिथली पकड सैल करते.

यासाठी इमारतींच्या कामात साधारण ७ किलो वजनाच्या वर्गातील हलके चिपिंग हॅमर पसंत केले जातात. जाड भागात सुरुवातीला थोडे जड यंत्र चालते, पण सळईजवळ आणि शेवटच्या थरात हलके यंत्र किंवा हाताची छिन्नी-हातोडीच वापरावी. यंत्र पृष्ठभागाशी तिरके धरावे आणि सळईच्या मागे टोक तरफेसारखे अडकवून काँक्रीट उचकटू नये.

याहून सौम्य आणि तरीही वेगवान अशी पद्धत पाण्याच्या झोताची आहे. तिच्यात पाणी सुमारे १००० किलो प्रति चौरस सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक दाबाने सोडतात; मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब सव्वादोन किलोच्या आसपास असतो, म्हणजे हा दाब त्याच्या सुमारे साडेचारशे पट झाला. पाणी छिद्रांत आणि भेगांत घुसून आतून दाब देते, आणि काँक्रीटची ओढ सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याइतकीच असल्यामुळे कमकुवत भाग आधी निघतो, सशक्त भाग टिकतो, सळई धक्का न बसता धुऊन निघते आणि मागे खरखरीत, बारीक भेगा नसलेला पृष्ठभाग मिळतो. यंत्रसामग्री, पाणी आणि गढूळ सांडपाण्याची विल्हेवाट यांचा खर्च मोठा असल्याने ही पद्धत मुख्यतः पूल, धक्के आणि मोठ्या पृष्ठभागांसाठी वापरली जाते. राहत्या घरांत तिचा उपयोग मर्यादित आहे.

७. उघड्या सळईचा हिशेब

सळई पूर्ण उघडी झाल्यावर तिच्यावरचा सर्व गंज काढून चकचकीत पोलाद दिसेपर्यंत ती साफ करावी लागते. तारेचा ब्रश सुटा गंज काढतो, पण खड्ड्यांत रुतलेला गंज काढण्यासाठी वाळूच्या किंवा तत्सम कणांच्या झोताचा उपयोग अधिक चांगला होतो. त्यानंतर कॅलिपरने व्यास मोजतात, आणि इथे डोळ्यांचा अंदाज फसतो. १२ मिलिमीटरची सळई झिजून १० मिलिमीटर राहिली तर नुकसान फक्त दोन मिलिमीटरचे वाटते. परंतु सळईची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर ठरते. १२ चा वर्ग १४४ आणि १० चा १००. म्हणजे सळईची जवळजवळ ३१ टक्के ताकद गेली. छेदाची घट पाचव्या-चौथ्या हिश्श्यापर्यंत पोहोचली की जोडीला नवी सळई देण्याचा निर्णय सहसा घेतला जातो, आणि कोणत्या ठिकाणी किती द्यायची हे अभियंता ठरवतो. नवी सळई जुनीला केवळ बाजूला टेकवून चालत नाही. भार एकीकडून दुसरीकडे जाण्यासाठी दोन्ही टोकांना चांगल्या सळईवर पुरेशी लांबी चढवावी लागते, आणि त्यासाठी खराब भागाच्या पलीकडचे काँक्रीटही आणखी उघडावे लागते. रहिवाशाला जे ‘विनाकारण फोडलेले’ वाटते त्यातला मोठा हिस्सा या जोडाच्या लांबीचा असतो.

८. डेब्रिज, धूळ आणि माणसे

फोडलेले काँक्रीट हलके नसते. १० चौरस मीटर जागेतून ५० मिलिमीटर जाडीचा थर काढला तर अर्धा घनमीटर, म्हणजे सुमारे १२०० किलो डेब्रिज निघते. घराचा स्लॅब माणसे आणि सामान यांच्यासाठी सामान्यतः चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेला असतो. हेच डेब्रिज दोन चौरस मीटरच्या कोपऱ्यात रचून ठेवले तर तिथे चौरस मीटरला ६०० किलो, म्हणजे आखलेल्या भाराच्या तिप्पट भार येतो, आणि तोही आधीच आजारी असलेल्या स्लॅबवर. म्हणून डेब्रिज रोजच्या रोज खाली उतरवणे हा सुरक्षेचा नियम आहे.

काँक्रीट कापताना आणि फोडताना उडणाऱ्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसात खोलवर जाऊन साचतात आणि वर्षानुवर्षांच्या श्वसनातून सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडतो. पाणी मारत कापणे, कामाची जागा पडद्याने बंद करणे आणि कामगारांना रुमालाऐवजी बारीक कण अडवणारे योग्य मुखवटे देणे यांचा खर्च एकूण कामाच्या मानाने अल्प असतो. इमारतीचे आयुष्य वाढवताना ती दुरुस्त करणाऱ्याचे आयुष्य घटू नये, ही जबाबदारी कंत्राटदाराइतकीच काम देणाऱ्याचीही आहे.

९. जागा भरण्यास तयार झाली हे कसे ओळखावे?

फोडणे संपले म्हणजे काढणे संपले असे नाही. उरलेला संपूर्ण पृष्ठभाग पुन्हा वाजवून पाहावा लागतो. कुठेही बद्द आवाज आला तर तेवढा भाग अजून खराब आहे. नंतर दाबाच्या हवेने किंवा पाण्याने धूळ पूर्ण काढतात, कारण पिठाने माखलेल्या ओट्यावर चिकटपट्टी जशी बसत नाही तसा धुळीवर मॉर्टरही बसत नाही. शेवटी काँक्रीट पाण्याने तृप्त करून वरचे साचलेले पाणी टिपून घेतात. आतून ओले आणि वरून कोरडे, अशी ही स्थिती असावी : आत कोरडे राहिले तर जुने काँक्रीट नव्या मालातले पाणी शोषून घेते, आणि वर पाणी साचलेले असले तर जोडाच्या रेषेतच माल पातळ व दुबळा होतो. काही विशिष्ट चिकटद्रव्यांना मात्र कोरडा पृष्ठभाग लागतो, तेव्हा उत्पादकाची सूचना पाळावी. सळई साफ केल्यानंतर फार काळ उघडी ठेवू नये. दमट आणि खाऱ्या हवेत काही तासांतही तिच्यावर नवा तांबूस थर दिसू लागतो.

१०. करारात काय असावे?

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतींची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करावयाची असते. या तपासणीच्या अहवालात दुरुस्तीचे परिमाण दिलेले असते, परंतु ते फोडण्यापूर्वीचे असते हे विसरता कामा नये. आवाज आणि चाचण्या अंदाज देतात. खरी व्याप्ती काँक्रीट उघडल्यावरच कळते. म्हणून करारात काढण्याच्या कामाचा दर स्वतंत्र असावा, वाढीव परिमाणासाठी आधीच तरतूद असावी, आणि प्रत्येक खड्ड्याचे मोजमाप व छायाचित्र अभियंत्याच्या सहीने नोंदले जाईपर्यंत तो भरू नये अशी अट असावी. काढणे आणि भरणे यांचा एकच एकत्रित दर ठरवला तर कमी काढण्यातच कंत्राटदाराचा फायदा राहतो, आणि चांगला माणूससुद्धा त्या दिशेने ढकलला जातो.

भरलेल्या जागेवर गिलावा आणि रंग चढला की उत्तम दुरुस्ती आणि निकृष्ट दुरुस्ती अगदी सारख्या दिसतात; त्यांच्यातला फरक पुढच्या काही पावसाळ्यांनंतरच बाहेर येतो. मात्र काढणे संपल्यानंतर आणि भरणे सुरू होण्यापूर्वी एक दिवस असा येतो, जेव्हा इमारत आपले अंतरंग उघडे करून दाखवते. त्या दिवशी अभियंत्यासोबत परांचीवर चढून सळईमागे बोट फिरते का, कडा सरळ आहे का, हातोडीचा आवाज खणखणीत येतो का, या तीन गोष्टी पाहणे कोणाही रहिवाशाला शक्य आहे. दुरुस्तीचे भवितव्य त्या उघड्या खड्ड्यात ठरलेले असते, म्हणून तो झाकला जाण्यापूर्वी पाहून घ्यावा.